पेवातली ओल

—न्हाई न्हाई, दगडोबा, तो नारळ खाली ठिवा. आधी बसा. पाणाड्या म्हणून तुमचं नाव मुखेडपासून जळकोटपर्यंत हाय, मी कवा न्हाई म्हणलो? पण माझ्या धान्याच्या पेवात पाणी न्हाई. ओल हाय — हाव, मीबी बघितली, समदं गाव बघून गेलं. नवा जिल्हा झाला, लातूरला कलेक्टर बसला, तरी टँकर काय येईना — मग ओल बघून माणसं येडी व्हायचीच की! पण बोट लावून बघितलं का कुणी? पाणी असं चिकट असतंय?

या रेवणप्पाचं ऐका, अन् कुठं बोलू नका. बहात्तरच्या दुष्काळात मी विहिरींवर सुरुंग भरत होतो. काम बंद पडलं, गुत्तेदार निघून गेला, सुरुंगाच्या कांड्यांची एक पेटी माझ्याकडंच राहिली. म्हणलं, आपल्या विहिरीला कामाला येईल — पेवात गार असतंय, ठिवली तिथं. कांडी म्हंजे काय? भुश्यात मुरवलेलं तेल. नवी असती तवर गुणाची, टोपी लावल्याबिगर उडत न्हाई. पण उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की तेल सुटतंय, कागदातून झिरपतंय, लाकडातून खाली उतरतंय. कांडीला घाम आला म्हणायचो आम्ही. त्या घामाला टोपी नको, बत्ती नको — नुसता धक्का बास. तेल एका अंगाला उतरू नये म्हणून पेटी अधनंमधनं उलटी करत राहायची असती. केली का मी? केली, पहिल्यांदा. मग हात लावायचं भ्याव वाटाय लागलं.

बायकोला? शिवम्माला न्हाई सांगितलं. देवाची पेटी हाय म्हणलं, म्हंजे शिवणार न्हाई. तर ती रोज उतरून विभूती लावून राहिली! ओल दिसल्यापासून तर पदरानं टिपती, डोळ्याला लावती, म्हणती देव पाझरला. मग दिसभर डोकं धरून बसती. त्या तेलानंच दुखतंय, मला ठाव हाय — आमचंबी दुखायचं. अन् मी काय करतो? ऊन लागलं म्हणतो, कांदा फोडून देतो. उद्या पोलिसाला सांगणार हाय, दगडोबा. लई दिसापासून उद्याच हाय ते.

तर तुमची पहार घ्या अन् निघा — पहार कुठं हाय? येताना हातात होती की! शिवम्माला दिली? कवा? पहिला घाव घरच्या बाईचा लागतो, म्हणून? अन् ती घिऊन पेवात उतरली?

गप. हलू नका.

शिवम्मा... अगं, पहार वर हाय ना तुझी? तशीच धर. मी येतो. शिवम्मा, ऐक — देव न्हाई तो —