दुखण्याची वही

अपघाताची भरपाई मिळवून देणाऱ्या वकिलांशी बोलणे आटोपून मास्तर कुबडी टेकत जिन्याशी आले, तोच मागच्या बाकावरील नणंद-भावजयींचे बोलणे त्यांच्या कानी पडले.

"अगं, माझ्या भावाची ती दुखण्याची वही आणलीस ना?"

"आणलीय, वन्सं. पण दाखवू कशी? रोजचं दुखणं रोज लिहा, असं वकीलसाहेबांनी बजावलं होतं. यांनी पुढच्या आठवड्याची पानंसुद्धा भरून ठेवलीत."

"अगं बाई! मग दावा खोटाच ठरायचा!"

"खोटं कुठे? मंगळवारचा ताप रविवारीच लिहिला होता. आला की मंगळवारी!"

"योगायोग गं. फाडून टाक पुढची पानं."

"फाडणारच होते. पण परवापासून ते स्वतःचं दुखणं लिहीतच नाहीत."

"मग कुणाचं लिहितात?"

"हे आजचं वाचा."

"'दुपारी चार. वकिलांच्या जिन्यात म्हाताऱ्याची कुबडी निसटली.'"

मास्तरांनी पायरीवर टेकलेली कुबडी मागे घेतली. भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटे कमी होती.

"अहो काका, घाबरू नका. चला, मी हात धरून खाली सोडते."

"वन्सं, थांबा! आधी पान उलटा. हात धरणारीचंही लिहिलंय."