न चालणारं पिस्तूल

लव्हर्न : ही रेघ बघ, एस्टिल. मुठीच्या पुढच्या अंगाला, वरून खालपर्यंत. नख फिरवलं की लागते. बादलीच्या कडेला असते तशी.

एस्टिल : साच्याचा सांधा आहे तो, लव्हर्नबाई. महागाचं असतं तर घासून काढला असता. घासायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. गोळीला त्या रेघेशी काही देणंघेणं नाही.

लव्हर्न : तुझ्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त हेच?

एस्टिल : नव्यातलं हेच. माझे वडील या काउंटरमागे बसायचे तेव्हा याहून स्वस्त यायची, जस्ताची ओतीव, खेळण्यातल्या मोटारीसारखी. एक बार झाला तर दुसऱ्यासाठी देवाचं नाव घ्यायचं. तसली मी ठेवत नाही.

लव्हर्न : आणि हे कसं आहे? विकायचं म्हणून सांगू नकोस.

एस्टिल : तुमच्याशी खोटं बोलून मी कुठं जाऊ? सगळ्या जिल्ह्याचं पाणी तपासलंत तुम्ही, आमच्या विहिरीत काय आहे ते आमच्या आधी तुम्हाला कळायचं. तर ऐका. दिसायला भिकार आहे. चाप ओल्या दोरासारखा ओढावा लागतो. नवं असताना स्प्रिंग कडक, सुरुवातीला अधूनमधून अडकेल. थांबा, दाखवतोच. या लाल गोळ्या बघा, सरावाच्या, नुसतं प्लास्टिक, दारू नाही. दोन घालतो मॅगझिनमध्ये. मॅगझिन मुठीत बसवलं. आता ही वरची स्लाइड मागे ओढून सोडली की एक गोळी नळीत चढते. चढली. परत ओढली, ती बाहेर उडाली, दुसरी चढली. ऐकलंत? खरखरतं, पण चढतं. थोड्या गोळ्या झाडल्या की बसतं अंगासारखं.

लव्हर्न : म्हणजे अडकण्याचा भरवसा नाही.

एस्टिल : चालण्याचा म्हणायचंय तुम्हाला.

लव्हर्न : मी बरोबर बोलले. स्वस्तातली अडकतात असं ऐकलं होतं.

एस्टिल : अडकायची. आता नाही. शहरातून, लेक्सिंग्टनहून मंडळी येतात, याच्या तिप्पट पैसे मोजून घेतात नि कपाटात ठेवतात. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला, दोघांचं भोक सारखंच पडतं.

लव्हर्न : मग माझं अवघड झालं. मला न चालणारं हवंय.

एस्टिल : या काउंटरमागे टक्कल पडलं माझं, लव्हर्नबाई, पण असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय.

लव्हर्न : हसू नकोस. माझ्या हॉलिससाठी हवंय.

एस्टिल : नाही हसत. साहेब कुठायत?

लव्हर्न : बाहेर, गाडीत. हातात मक्याच्या पावाचा तुकडा दिलाय. तो संपेपर्यंत बसेल. एकट्याला घरी ठेवता येत नाही आता.

एस्टिल : त्यांची सगळी हत्यारं तुम्हीच माझ्याकडे आणून दिलीत ना? मागच्या खोलीत कुलपात आहेत. हात लावला नाही कुणी. लोक ठेवतात असं. कुणाचा घटस्फोट चाललेला असतो, कुणाची दारू वाढलेली असते, कुणाचं पोर गेलेलं असतं. निवळलं की येऊन घेऊन जातात.

लव्हर्न : आमचं निवळणारं नाही.

एस्टिल : नाही. ते कळतंय मला.

लव्हर्न : तू कुलपात ठेवलंस ते रिव्हॉल्व्हर तो रोज शोधतो. दुपार कलली की सुरू. खण उपसतो. पिठाचा डबा ओततो. कमरेला रिकामं कातडी म्यान बांधून घरभर फिरतो. ‘बाई, माझं हत्यार विकलंत तुम्ही,’ म्हणतो. बाई म्हणतो मला. मग बसतो पायरीवर आणि रडतो. शेरीफकडे इतकी वर्षं डेप्युटी होता, त्याला रडताना मी त्याच्या आईच्या दफनाला पाहिलं होतं, तेवढंच.

एस्टिल : खेळण्यातलं देऊन बघितलंत?

लव्हर्न : नातवाचं काळं रंगवून दिलं. हातात घेतलं, वरखाली करून वजन बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, एस्टिल, की मी चोर. ओढ्यात फेकून दिलं. वजन विसरलेला नाही तो. माझं नाव विसरतो.

एस्टिल : म्हणून हे.

लव्हर्न : वजन खरं, आवाज खरा. तुला फारसं काम नाही. आतली फायरिंग पिन, गोळीवर आपटते ती, काढून दे. म्यानात पिस्तूल असलं की तो शांत बसेल. मला झोप मिळेल. एवढंच पाहिजे.

एस्टिल : पिन काढायला मला कॉफी निवायच्या आत जमेल. पण पिन नाही हे कुणाला ठाऊक असणार? तुम्हाला आणि मला.

लव्हर्न : पुरे की.

एस्टिल : आणि समोरच्याला? परवा गॅसवाल्याचं काय झालं, मला सांगितलं त्याने.

लव्हर्न : त्याने सगळीकडे सांगितलेलं दिसतंय.

एस्टिल : चांगल्या मनाने सांगितलं. साहेबांनी त्याला अंगणात अडवला, बोनेटवर हात ठेवायला लावले, बोटाचं पिस्तूल करून. तो ठेवून उभा राहिला. ‘जी साहेब, जी साहेब’ करत राहिला, तुम्ही येईपर्यंत. पण बोट होतं म्हणून, लव्हर्नबाई. हे हातात असतं तर? त्याच्या गाडीत त्याचं स्वतःचं आहे. मीच विकलंय. जुनं, याच्याहून स्वस्त. आणि ते चालतं.

लव्हर्न : हं.

एस्टिल : आणि नवे डेप्युटी तर साहेबांना ओळखतही नाहीत. अंगणात म्हातारा, हातात पिस्तूल. ते पिन विचारत बसणार नाहीत.

लव्हर्न : तू विकणार नाहीस तर.

एस्टिल : नाही. दुसरीकडे जाल, तिथे मिळेल. पण मला विचारायला आलात तर विचारल्यासारखं ऐका. टेकडीवरच्या केंद्रातून, अशा म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथून, फोन येतो म्हणे तुम्हाला. माझी वहिनी तिथे स्वयंपाकाला आहे.

लव्हर्न : येतो. खोली आहे म्हणतात. खिडकीतून नदी दिसते म्हणतात. मी ‘कळवते’ म्हणते.

एस्टिल : कधीपासून?

लव्हर्न : ईस्टरपासून. तू बघतोस तसा नाही तो सगळा वेळ. हात शाबूत आहेत त्याचे. वस्तरा चालवतो, एक ओरखडा नाही. बीन्सच्या शेंगांच्या शिरा काढतो, माझ्याहून नीट. डोकं जातं, हात नाही जात. ज्याचे हात ठीक आहेत त्याला कुणाच्या ताब्यात द्यायचं म्हणजे… मला पटत नाही.

एस्टिल : हात म्हणाल तर हातच होते त्यांचे. शिकारीच्या परवान्याआधीचा वर्ग, चर्चच्या तळघरात. मी, माझा भाऊ, अर्धा जिल्हा शिकलाय त्यांच्याकडे. आधी मॅगझिन काढ. मग स्लाइड ओढ. मग करंगळी आत घालून बघ. क्रम चुकला की टोपी काढून डोक्यात हाणायचे.

लव्हर्न : मलाही त्यानेच शिकवलं. लग्नाआधी. माझ्या बापाला वाटायचं आम्ही नदीवर फिरायला गेलोय.

एस्टिल : लव्हर्नबाई, साहेब उतरले गाडीतून.

लव्हर्न : पाव संपला असणार.

एस्टिल : हे आत ठेवतो मी.

लव्हर्न : राहू दे. त्यात नुसत्या लाल गोळ्या आहेत ना?

एस्टिल : तेवढ्याच. मगाशी दाखवून झाल्यावर तुमच्यासमोरच दोन्ही गोळ्या परत मॅगझिनमध्ये घातल्या मी.

लव्हर्न : मग दे त्याच्या हातात. तूच बघ. मग मला केंद्राचं सांग.

हॉलिस : ती निळी गाडी कुणाची? दार सताड उघडं टाकून गेलंय कुणीतरी.

लव्हर्न : आपलीच आहे, हॉलिस.

हॉलिस : तुम्हाला नाही विचारलं, बाई. पोरा, मालक तू?

एस्टिल : मीच, साहेब. एस्टिल. तळघरात तुमची टोपी खाल्लेला.

हॉलिस : खाल्ली असशील तर लायक असशील. हे काय मांडून ठेवलंयस? पत्र्याचे डबे करणाऱ्याने केलंय का हे?

एस्टिल : स्वस्तातलं आहे साहेब. बघता?

हॉलिस : आण. वजन आहे. नळीचा भाग जड, मूठ हलकी, बोंबलायला लावेल. बाईंना घ्यायचंय?

लव्हर्न : बघतेय.

हॉलिस : बाईमाणसाने हे घेऊ नये. हात बारीक असला की अडकतं. मनगट सैल पडलं की स्लाइड पुरती मागे जात नाही. लोक म्हणतात पिस्तूल वाईट. पिस्तूल नाही, मनगट वाईट.

एस्टिल : अगदी बरोबर, साहेब.

लव्हर्न : ऐकलंस?

हॉलिस : कुणाच्याही हातून घेतलं की पहिलं काम काय? रिकामं आहे का बघायचं. तोंडी शब्दावर जायचं नाही, पाद्र्याच्या सुद्धा. पोरा, बघ इकडे. ही ओढली स्लाइड. सोडली. आता मॅगझिन बाहेर. अरे! भरलेलं! भरलेलं पिस्तूल काउंटरवर ठेवतोस?

एस्टिल : साहेब, एक मिनिट…

हॉलिस : एक मिनिट काय? तुझ्या बापाला सांगतो थांब. हे मॅगझिन इथे, बाजूला. झालं आता रिकामं. आता हे पोराच्या हातात दिलं तरी चालेल.

एस्टिल : नळी खाली करा, साहेब. भिंतीकडे. लव्हर्नबाई, तुम्ही या बाजूला या.

हॉलिस : कशाला घाबरवतोस त्यांना? मी तपासलंय ना. उभ्या राहा, बाई. चाप किती कडक आहे ते बघतो.

लव्हर्न : उभी आहे.

[टक्. चाप दाबल्याचा कोरडा आवाज.]

हॉलिस : ओला दोर ओढतोय असं वाटतं. टाकाऊ माल.

एस्टिल : साहेब, स्लाइड परत ओढता का एकदा?

हॉलिस : का? रिकामं आहे.

लव्हर्न : ओढ, हॉलिस.

हॉलिस : ही घे. हे काय पडलं? लाल?

लव्हर्न : गोळी आहे. सरावाची. प्लास्टिकची.

हॉलिस : नळीत होती?

लव्हर्न : होती.

हॉलिस : कशी असेल? मॅगझिन काढलं मी. ते बघ, तिथे पडलंय.

लव्हर्न : काढलंस. पण नंतर काढलंस.

हॉलिस : आधी काय केलं?

लव्हर्न : आधी स्लाइड ओढलीस.

हॉलिस : असं कुणी करत नाही. आधी मॅगझिन. नाहीतर त्यातली एक वर चढते नळीत, आणि माणूस म्हणतो रिकामं आहे. याच्यानेच मरतात लोक. कार्लाइलचा थोरला असाच गेला. मी गेलो होतो त्या घरी. मीच सांगतो सगळ्यांना. आधी मॅगझिन.

एस्टिल : तुम्हीच शिकवलंत, साहेब. मी विसरलो नाही.

हॉलिस : समोर कोण होतं?

लव्हर्न : मी होते.

हॉलिस : लागलं?

लव्हर्न : नाही. काही नव्हतं त्यात.

हॉलिस : लव्हर्न.

लव्हर्न : हो.

हॉलिस : तू कशाला समोर उभी राहतेस?

लव्हर्न : चुकलं माझं.

हॉलिस : हात बघ माझा. थरथरत नाहीये. थरथरला असता तर कळलं असतं.

लव्हर्न : हो ना. कळलं असतं.

एस्टिल : साहेब, बसा. खुर्ची घ्या. पाणी देऊ?

हॉलिस : नको. पोरा, हे परत कपाटात टाक. असलं कुणाला विकू नकोस. माझं कुठंय? माझं रिव्हॉल्व्हर?

एस्टिल : माझ्याकडे आहे. मागच्या खोलीत, कुलपात. तेल लावून ठेवलंय.

हॉलिस : हिने विकलं नाही?

एस्टिल : नाही, साहेब. तुमच्यासाठी ठेवायला दिलं.

हॉलिस : मग बरंय. मला उगीच वाटत होतं. कोण म्हणालं मला विकलं म्हणून?

लव्हर्न : कुणी नाही.

एस्टिल : लव्हर्नबाई, तुम्ही बसता का? चेहरा उतरलाय तुमचा.

लव्हर्न : बसले तर उठवणार नाही माझ्याने. या लाल गोळ्या मोजून घे तुझ्या. एक काउंटरखाली गेली.

एस्टिल : मरू दे ती. फोन करायचाय का तुम्हाला? इथून करा. मी साहेबांना बाहेर माशांचे गळ दाखवतो.

लव्हर्न : नको. फोन मग. आधी त्याला सांगायला हवं. आत्ता त्याला मी कोण ते माहितीये.

हॉलिस : काय सांगायचंय? जेवण झालं का आपलं?

लव्हर्न : नाही झालं. बीन्स शिजवून ठेवल्यात.

हॉलिस : मग चल की. दमलोय मी. घरीच जायचं ना?

लव्हर्न : आज घरी. उद्या सकाळी मी तुला टेकडीवरच्या केंद्रात राहायला नेणार आहे, हॉलिस.