तिसरी शिट्टी

सन्माननीय अध्यक्ष आपल्या शिंपीणबाई, व्यासपीठावर गुडघा सांभाळत बसलेले आमचे न्हावीदादा, सकाळच्या तुकडीतले सर्व शिलेदार, खिडक्यांतून रोज दर्शन देणारी आणि आज प्रथमच पायांसकट दिसणारी मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसूनही माझ्याकडे न बघणारी माझी थोरली बहीण, सर्वांना माझा नमस्कार.

भावोजींना जाऊन आज वर्ष झालं. जरा गंभीर बोल, असं मला बजावलेलं आहे. मी प्रयत्न करते. पण एकतीस वर्षं सैन्यात काढून घरी आल्यावर ज्यांनी उशांनासुद्धा रांगेत झोपवलं, त्यांच्याबद्दल त्यांच्या मेहुणीने गंभीर बोलायचं तरी कसं?

निवृत्तीनंतर पहाटे साडेचारला त्यांचे डोळे टक्क उघडायचे. मग चादरीच्या घड्या, मग डब्यांची तपासणी. महिन्याभरात ताई रडकुंडीला आली. म्हणाली, "बाहेर जा आणि दुसऱ्या कुणाची तरी हजेरी घ्या. माझी पुरे झाली."

त्याच आठवड्यात तळमजल्यावरचे गृहस्थ न्हाणीघरात पडले आणि दीड दिवस तिथेच राहिले. एकटे होते, कुणाला पत्ताच नाही. ते वाचले, पण भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. "आमच्याकडे एक माणूस हजेरीत कमी भरला तर सगळी बराक शोधायला निघायची," म्हणाले, "आणि इथे शेजाऱ्याला खबर नाही?" तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी धडधाकट शेजाऱ्यांची एक तुकडी खाली उभी केली आणि शिट्टी वाजवली.

नियम तुम्हाला पाठ आहेत, तरी पाहुण्यांसाठी सांगते. आपल्या आवारात एकटं राहणाऱ्यांच्या एकोणीस खिडक्या. पहिल्या शिट्टीला खिडकीत यायचं, हात वर करायचा, 'हजर' म्हणायचं. नाही आलात तर दुसरी शिट्टी. तिसरीलाही नाही आलात तर तुकडी वर. बारा वर्षांत या तिसऱ्या शिट्टीने चार माणसं वाचवली. आणि एक दार मोडलं.

अध्यक्षांची परवानगी आहे ना? त्या हसताहेत, म्हणजे आहे.

एके दिवशी शिंपीणबाईंना सकाळी फार हुशारी वाटली. त्या स्वतःच खाली उतरल्या आणि तुकडीच्या शेवटी उभ्या राहिल्या. भावोजींची पाठ तुकडीकडे, नजर खिडकीकडे. पहिली शिट्टी. दुसरी. तिसरी. खिडकी रिकामी. सगळ्या तुकडीला शिंपीणबाई दिसत होत्या हो. पण रांगेत बोलायचं नाही, हा भावोजींचाच कडक हुकूम. भावोजी धावत वर गेले आणि खांद्याच्या एका धक्क्यात बिजागऱ्यांसकट दार आत. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, शिलाई मशीनवरचं कापडसुद्धा उचलून पाहिलं. घामाघूम होऊन वळतात तर दारात सगळी तुकडी शिस्तीत उभी आणि सगळ्यात मागून शिंपीणबाई विचारताहेत, "आता बोलू का?"

भावोजी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग तीन दिवस खपून त्यांनी ते दार स्वतः बसवलं. तेव्हापासून ते उचलल्याशिवाय लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी नवा नियम निघाला, की माणूस जिवंत असल्यास त्याने रांगेत बोलावं.

आता जे सांगायचं नाही असं ठरवून आले होते, ते सांगते. फेरी संपली की भावोजी तीन जिने चढून घरी यायचे आणि उंबऱ्यात टाचा जुळवून म्हणायचे, "एक गडी हजर." आतून ताई म्हणायची, "चहा निवतोय." बारा वर्षं, रोज, यात एका शब्दाचा फरक नाही.

ते गेले आणि शिट्टी न्हावीदादांनी घेतली. यादीत विसावी खिडकी आली, ताईची. पण ती वर्षभरात एकदाही खिडकीत आलेली नाही. रोज तिसरी शिट्टी, रोज न्हावीदादा तीन जिने वर, आणि रोज दारातून ताईचा आवाज, "आहे मी. जा खाली." दादांच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे, आणि उद्यापासूनच फेरी बंद. शिट्टी कुणी घ्यायची यावर त्यांच्या दुकानात दोन बैठका झाल्या. सगळ्यांना एकाएकी कामं निघाली. उद्या सहाला शिट्टी वाजली नाही, तर हा प्रकार इथेच संपला.

मी काल ताईवर चिडले. म्हटलं, खिडकीत येऊन एक हात वर करायला तुझं काय जातं? तर म्हणाली, "मी हजेरी कधी दिलीच नाही गं. मी घ्यायचे."

मला रात्रभर... नाही, रडायचं नाही असं ठरलंय.

तर ताई, ही शिट्टी. दोरी तीच आहे, तूच विणलेली. तुला हजेरी द्यायची नसेल तर देऊ नकोस. घे. आमची सगळ्यांची घे. नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण उद्या त्या एकोणीस खिडक्यांत माणसं उभी असतील आणि खाली कुणी नसेल, एवढं मात्र डोळ्यांसमोर आण.

उठली. सावकाश ये, पायरी आहे. न्हावीदादा, तुम्ही बसा, तुमचा गुडघा. घे, गळ्यात घाल. आता वाजव.

अगं हळू, अध्यक्षांचं कानातलं यंत्र आहे. पण ऐकलंस ना? अख्ख्या सभागृहाचा हात वर आहे. शिंपीणबाईंनी तर दोन्ही वर केलेत.

मंडळी, आपण इतकं मनापासून ऐकलंत, मी आभारी आहे. भलत्या ठिकाणी हसले असेन, कुणाच्या दाराचं, गुडघ्याचं जास्तच बोलले असेन, तर धाकटी म्हणून पोटात घाला.

आणि ताई, तुझ्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. उद्या फेरी झाली की जिने चढून ये आणि उंबऱ्यात काय म्हणायचं ते म्हण. आत मी असेन. चहा निवत असेल.