नाटकातला एकच खरा

डोंबिवलीत नाटकाच्या तिकीट खिडकीपाशी समीक्षक त्र्यंबक लेले रांगेत उभे होते. पुढे दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या.

“विठ्ठलदादा, तुमच्या नाटकाला पेपरात पार धुतलंय की!”

“शेवटची ओळ वाचलीस? ‘या नाटकात खरा वाटतो तो फक्त दरवाजा.’ तो दरवाजा मी बनवलाय!”

“अहो, टर उडवलीय ती.”

“उडवू दे. हिरो तीनदा दार आपटतो, भिंत हलते का? सव्वीस वर्षं सेट बनवतोय, पेपरात आत्ता आलो. कात्रण लॅमिनेट करून घेतलंय.”

“मग तिकीट कोणाला?”

“आईला. तिला सांगितलंय, नटांकडे बघू नकोस.”

लेल्यांचा नंबर आला.

“लेलेसाहेब, तुम्ही? हे नाटक तर तुम्हीच झोडपलंत ना?”

“हो. दरवाजा समोर येईल अशी सीट द्या.”