शटरचा गंज

भाऊ-भाऊ म्हणता ना, मग ऐका. मी पनवेलात शटरं दुरुस्त करायचो तेव्हाची गोष्ट. तेव्हा घरच्या गॅरेजला शटर म्हणजे अप्रूप. ते होतं एका मिठागरवाल्याकडे. तो गेला आणि दोन मुलांनी वाटणी केली. गॅरेज थोरल्याला, आतली मोटार धाकट्याला. लगेच शटर अडकलं. मोटार निघेना म्हणून धाकटा तणतणतोय, जागा रिकामी होईना म्हणून थोरला.

मी आधी वरची स्प्रिंग पाहिली. ठणठणीत. मग शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचा पाहिल्या, तर त्या हातोडीने ठोकून चेपलेल्या.

त्यांची आई बाजूलाच उभी होती. तिला म्हटलं, "आजी, हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

ती हळूच म्हणाली, "गंजलंय म्हनून सांग, बाबा. हवा खारी हाय."

तेवढ्यात दोघे आले. "काय बिघाड हाय?"

"गंज," मी म्हटलं.

दोघांनीही एकदमच सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा कळलं, डावी खाच एकाने ठोकली होती, उजवी दुसऱ्याने. तेवढी एक वाटणी मात्र सारखी झाली होती.