तिसऱ्या फळीवरची डबी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आपल्या कारखान्याचे मालक आणि त्यांच्या मातोश्री, माझी जागा घेणाऱ्या नव्या प्रयोगशाळाप्रमुख बाई, समोर बसलेले सहकारी, त्यांची मुलंबाळं, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी मुलगी,

आपण माझं तोंड भरून कौतुक केलंत. त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी मी आज सुखानं घरी गेलो असतो.

मघाशी अध्यक्षांनी सांगितलं, की शाळा संपवून कॉलेजात निघालेली मुलं पुढेच बसली आहेत, सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात यायचं तर काय शिकावं ते त्यांना सांगा. सांगतो. क्रीम, पावडर, लिपस्टिक विकायची असेल तर वाणिज्य घ्या. बनवायची असेल तर रसायनशास्त्राला पर्याय नाही. आणि दोन्हींतलं कुठलं, हे एकट्या बापाला विचारून ठरवू नका.

हसलात? मी चेष्टा करत नाहीये हो.

आमच्या प्रयोगशाळेत एक कपाट आहे. बाजारात गेलेल्या प्रत्येक मालाचा एकेक नमुना त्यात तीन वर्षं ठेवतात. मुदत संपली की तो नष्ट करायचा, हा नियम मीच घातला. नियमाबाहेर मी एक बोट जाऊ देत नाही, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. तर ऐका. त्या कपाटात तिसऱ्या फळीवर, अगदी मागे, एकोणीस वर्षांपूर्वीची एक डबी आज सकाळपर्यंत होती. तिच्यावरची चिठ्ठी मी सहा वेळा बदलली. दर वेळी नवी तारीख, खाली माझीच सही.

ते क्रीम माझ्या लेकीनं केलं होतं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. स्वयंपाकघरात, तिच्या आईचं पातेलं कायमचं खराब करून. "बाबा, मला रसायनशास्त्रच घ्यायचंय. तुमच्यासारखं काम करायचंय." मी म्हटलं, "तुझं क्रीम तीन महिने आमच्या गरम पेटीत ठेवतो. तेल आणि पाणी वेगळं झालं नाही, तर घे." तिनं हो म्हटलं. रोज मी घरी आलो की चपला काढायच्या आत विचारायची, "कसंय माझं क्रीम?"

तीन महिने झाले. प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मी घरी आलो आणि म्हणालो, "फुटलं गं."

फुटलं नव्हतं. बोटावर घेऊन पाहिलं होतं मी. आमच्या मालापेक्षा मऊ होतं.

का खोटं बोललो? माझे हात बघा. आम्लानं भाजलेले, बारा महिने सोललेले. वाटलं, पोरीनं पंख्याखाली खुर्चीवर बसावं. हे कारण मी बायकोला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. वीस वर्षांत मला जमलं नव्हतं ते हिला एका दुपारी जमलं, हे मला सोसलं नाही. आज पहिल्यांदाच बोलतोय.

तिनं डबी बघायलासुद्धा मागितली नाही. बाबा म्हणाले ना, मग झालं. गुपचूप वाणिज्याचा अर्ज भरला. आज विम्याच्या कचेरीत आहे, चांगला पगार आहे, तक्रारीचा शब्द नाही. फक्त त्यानंतर तिनं मला माझ्या कामाबद्दल एकदाही काही विचारलं नाही. एकोणीस वर्षं मी चपला काढतो आणि आत जातो.

नव्या बाई, कपाटाची किल्ली सकाळी तुम्हाला दिली. डबी मात्र मी खिशातून आणली आहे. ही इथं टेबलावर ठेवतो. पिवळी पडलीय, वास गेलाय, पण तेल-पाणी अजून एकत्र आहे.

मालकांनी नोकरी दिली, सहकाऱ्यांनी माझा तापटपणा सोसला, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं.

बाळा, तुला मात्र मी तसं म्हणणार नाही. तू वर ये, झाकण उघड, आणि या वेळी स्वतः बघ.