चिठ्ठ्या शेपटाकडून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि प्रांतिक संसदेचे नवनिर्वाचित सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मुख्याध्यापक, म्हणजे सोमवारपासूनचे विभागाचे शिक्षण संचालक, शाळा समितीचे चिटणीस, पहिल्या रांगेतले निमंत्रित, मधल्या रांगांतले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे दाराशी उभी असलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

चिटणीसांनी मला बजावलंय, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला. पाच मिनिटांचं बघते. गोडाचं जरा कठीण आहे, कारण या शाळेत मी सव्वीस वर्षं व्याकरण शिकवतेय आणि तेवढ्या वर्षांत माणसाची जीभ काय होते, ते माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा.

मुख्याध्यापक माझे भावोजी लागतात. ताई, माझी थोरली बहीण, समोर पहिल्या रांगेत बसली आहे. तिने आत्ताच चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे मी काय बोलणार याचा तिला वास लागलेला दिसतो. ताई, घालून टाक तो चष्मा. लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आधी त्यांचे गुण सांगते, कारण ते खरे आहेत. परीक्षेची शेवटची घंटा झाली की आम्ही बाकीचे पेपर ओढायचो. भावोजींनी कधी ओढला नाही. पोरगं लिहीत असेल तर शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "वाक्य पुरं कर, मग दे." घंटेच्या आधी जो लिहायला बसला त्याचं वाक्य पुरं व्हायलाच हवं, असं ते आम्हाला ऐकवायचे. मला या माणसाचा फार अभिमान होता. ताईला मी म्हणायचे, नशीब काढलंस.

तर अध्यक्ष महाराज आत्ताच म्हणाले, की या शाळेने प्रांताला सरकार दिलं. टाळ्याही पडल्या. बरोबरच आहे. एका जागेने सत्ताधारी पक्षाचं बहुमत झालं, ती जागा यांची, एकोणीस मतांनी आलेली, आणि आमच्या चित्रकलेच्या वर्गात मतदान केंद्र होतं. भावोजी केंद्रप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली दुसरी अधिकारी. शाळेने सरकार कसं दिलं, हे अध्यक्षांपेक्षा मला जास्त माहीत आहे. सांगू ना?

चिटणीस, घड्याळ दाखवू नका. मला दिसतंय.

मतदान सहाला संपतं. पण सहाच्या ठोक्याला जो रांगेत उभा असेल त्याला मत देता येतं. त्यासाठी केंद्रप्रमुखाने सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या असतात. आणि त्या कुठून वाटायच्या? आम्हाला प्रशिक्षणात हे तीनदा घोकून घेतलं होतं, शेपटाकडून! एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात शेवटच्या माणसाला, मग पुढे पुढे येत दारापर्यंत. म्हणजे मागून कोणी घुसत नाही आणि मधलं कोणी सुटत नाही. घरी परत येताना बसमध्ये भावोजी हसत म्हणाले होते, "ज्याने हा नियम केला तो नक्की मास्तर असणार."

दुपारी मी साठ चिठ्ठ्या कापल्या. भावोजींनी साठही चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून सह्या केल्या. साडेपाचला धुलाई कारखान्याची पाळी सुटली आणि बायका हात पुसत पुसत रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या वस्तीत सत्ताधाऱ्यांना कोणी दारात उभं करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याही मागे, सगळ्यात शेवटी, आमच्या मावशी.

मावशी म्हणजे शाळेच्या शिपाईबाई. बावीस वर्षं हे वर्ग झाडतात. त्या दिवशी सकाळपासून तीन वेळा म्हणाल्या, "सर, मी पटकन मत देऊन येऊ का?" आणि तिन्ही वेळा भावोजी म्हणाले, "आधी चहाचं बघा मावशी, मत काय पळून जातंय?" केंद्रावरच्या सगळ्यांना चहा पाजून, कप विसळून, त्या सहाला पाच मिनिटं असताना रांगेला लागल्या.

सहा वाजता रांगेत साठ माणसं होती, आणि भावोजींना फोन आला. कोणाचा, ते मला माहीत नाही. अध्यक्षांना आठवत असेल तर बघा. फोन ठेवून भावोजी उठले आणि चिठ्ठ्या दाराकडून, साठ नंबरापासून, वाटायला लागले. मी म्हटलं, "भावोजी, उलटं होतंय." वीस चिठ्ठ्या वाटल्या आणि ते म्हणाले, "कागद संपला."

अहो, शाळेत कागद संपला! कपाटात चित्रकलेच्या वह्यांची चळत होती, फळ्याखाली कागदाचे गठ्ठे होते. आणि सह्या केलेल्या चाळीस चिठ्ठ्या त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत टेबलाच्या खणात टाकल्या. बाहेरचं फाटक लागलं. एक बाई गजांतून हात घालून ओरडत होती, "मी सहाच्या आधीपासून उभी आहे!" मावशी फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग मागच्या दाराने उरलेले कप धुवायला आत निघून गेल्या.

मग अहवाल आला. त्यात छापील ओळ असते, 'मतदान संपतेवेळी रांगेत कोणीही शिल्लक नव्हते.' त्याखाली दोन सह्या लागतात. मी पेन खाली ठेवलं. भावोजी हळूच म्हणाले, "घरचं माणूस आहेस तू. ताईचा तरी विचार कर."

मी सही केली.

हो, केली. व्याकरणाच्या बाईने ते धादांत खोटं वाक्य वाचलं, त्यात एकही चूक नव्हती, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. तीन आठवडे मला जेवण गोड लागलेलं नाही. रोज सकाळी मावशी माझ्या टेबलावर चहा ठेवतात आणि मी मान वर करत नाही. मला भावोजींचा संताप येतो, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते.

त्या चाळीस जणांनी कोणाला मत दिलं असतं? मला काय माहीत! कदाचित अध्यक्ष महाराज, तुम्हालाच दिलं असतं आणि तुम्ही एकोणीसच्या जागी एकोणसाठ मतांनी आला असता. मग फाटक लावायची एवढी घाई कशाला हो?

निवडणूक न्यायाधिकरणात हरकत घ्यायची मुदत उद्या दुपारी बाराला संपते. मी दहाला तिथे असेन. माझी सही खोटी होती, असं लिहून देणार आहे. नोकरी जाईल म्हणतात, जाऊ दे. आणि या पिशवीत त्या खणातल्या चाळीस चिठ्ठ्या आहेत. भावोजी, उठू नका, बसा. सह्या तुमच्याच आहेत, अक्षर अजून तितकंच सुंदर आहे. ताई, तुझ्या घराचा उंबरा मला बंद होईल, हे मला कळतं. पण मी मात्र दार लावणार नाही.

आता आभार. रिवाजाप्रमाणे ते अध्यक्षांपासून सुरू करायचे असतात. आज शेपटाकडून करते. पहिले आभार सगळ्यात मागे, दाराशी, किटली घेऊन उभ्या असलेल्या मावशींचे. तुमची चिठ्ठी क्रमांक एक, माझ्याकडे आहे. मग धुलाई कारखान्यातल्या ज्या बायका आज इथे आल्या त्यांचे. मग सहकाऱ्यांचे. व्यासपीठापर्यंत पोचायला वेळ पुरेल असं वाटत नाही.

बोलताना एखादा शब्द कमीजास्त झाला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. सही मात्र पोटात घालू नका. तिची माफी मला एकाच माणसाकडे मागायची आहे.

मावशी, ती किटली खाली ठेवा आणि पुढे या. चहाचं मुख्याध्यापक बघतील.